वकील संघाच्या वार्तापत्रासाठी लेख: टिपणापासून छापील अंकापर्यंत

जुलै 2025 च्या शेवटी आमच्या वकील संघाच्या फलकावर सूचना लागली. त्रैमासिक वार्तापत्राच्या डिसेंबर अंकासाठी लेख हवेत; मराठीत, युनिकोडमध्ये, 1200 शब्दांपर्यंत, 15 सप्टेंबरच्या आत. मानधन नाही, लेखकाला अंकाच्या दोन प्रती. रोज अर्ज आणि लेखी युक्तिवाद लिहिणाऱ्यालाही अशी सूचना वाचून धाकधूक होते. अर्जात काही चुकलं तर समोरचा वकील त्याच तारखेला दाखवून देतो. वार्तापत्रात चुकलं तर ते छापून बाररूमच्या प्रत्येक टेबलावर जातं आणि कुणीतरी त्या भरवशावर पक्षकाराची मुदत मोजतो. ही भीती योग्यच आहे. पुढची सगळी कामं तिच्याच हिशेबाने करायची असतात.

पूर्ण लेख लिहिण्याआधी संपादक मंडळाकडे दीडशे शब्दांचं टिपण पाठवावं. त्यात चार गोष्टी लागतात: प्रश्न कोणता, वाचक कोण, कोणत्या कलमांचा आणि निवाड्यांचा आधार घेणार, आणि लेखातला कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा असेल. ‘चेक बाऊन्स’ एवढाच विषय कळवला तर टिपण परत येतं आणि ते बरोबरच आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेकचे व्यवहार ज्याखाली येतात त्या कायद्याच्या) कलम 139 चं गृहीतक, 141 खाली संचालकांची जबाबदारी, 143ए ची अंतरिम भरपाई, 148 खाली अपिलात भरायची रक्कम, यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र लेख होतो. 1200 शब्दांत एकच प्रश्न नीट बसतो. म्हणून विषय असा आखला: कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्यावर पैसे मागणारी, नोटीस, तिची मुदत, तिच्यातली रक्कम आणि पुढे तडजोड झाली तर भरावा लागणारा खर्च. वाचक म्हणजे तालुका न्यायालयात पहिली दोन-तीन वर्षं काढणारे वकील. होकार यायला ऑगस्टचा मध्य उजाडला. तोपर्यंत संदर्भ गोळा करायला घ्यावेत. नकार आला तरी ती मेहनत पुढच्या अंकाला किंवा स्वतःच्याच एखाद्या केसला उपयोगी पडते.

संदर्भांसाठी पैसे खर्च करण्याची गरज फारशी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर 2023 पासून मोफत मिळतात आणि उच्च न्यायालयांचे निवाडे ई-कोर्ट्सच्या निवाडा-शोध संकेतस्थळावर. व्यापारी डेटाबेसची वर्गणी महाग असते, पण बहुतेक वकील संघांच्या ग्रंथालयात एखादा तरी चालू असतो. खर्च होतो तो छपाईचा. निवाडा पडद्यावर वाचण्यापेक्षा कागदावर वाचून परिच्छेद क्रमांकाला खूण करणं मला जास्त खात्रीचं वाटतं, कारण लेखात शेवटी परिच्छेद क्रमांकच द्यायचा असतो.

इथे पहिला मोठा धोका आहे, हेडनोटचा. हेडनोट म्हणजे निवाडा नव्हे, ते प्रकाशकाच्या संपादकाने केलेलं सार असतं. त्यात एखादी अट गळलेली असू शकते आणि तेच सार उतरवून घेतलं तर हक्काचाही प्रश्न येतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये हा फरक स्पष्ट केला. निवाड्याचा मूळ मजकूर कुणाच्या मालकीचा नाही, हेडनोट आणि काही संपादकीय भर मात्र प्रकाशकाची आहे. तेव्हा मूळ निवाडा वाचायचा, आपल्या शब्दांत सांगायचा आणि अवतरण घ्यायचंच असेल तर न्यायालयाच्या मजकुरातून घ्यायचं.

दुसरा धोका मेलेल्या कायद्याचा. अधिकारक्षेत्राबद्दल शोध घेतला की दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (2014) 9 एससीसी 129, हा निवाडा अजूनही वर येतो. ज्या बँकेने चेक नाकारला तिच्या ठिकाणच्या न्यायालयातच फिर्याद करावी, असं त्यात 1 ऑगस्ट 2014 रोजी ठरलं. पण संसदेने कायदा दुरुस्त करून 15 जून 2015 पासून कलम 142(2) लागू केलं. आता चेक खात्यात जमा करून वटवायला दिला असेल तर फिर्याद करणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयाला अधिकार आहे. जुना निवाडा सांगून नवी दुरुस्ती न सांगणारा लेख वाचकाला चुकीच्या गावी पाठवतो. म्हणून प्रत्येक निवाड्यापुढे दोन टिपा कराव्यात: नंतर कायद्यात दुरुस्ती झाली का, आणि नंतरच्या मोठ्या खंडपीठाने तो बदलला का. हेच मूळ कायद्याच्या पुस्तकालाही लागू आहे. कलम 138 च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटींत) चेक सहा महिन्यांच्या आत किंवा त्याच्या वैधतेच्या मुदतीत, जे आधी असेल त्या मुदतीत, बँकेत द्यावा असं लिहिलं आहे. रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2012 पासून वैधता तीन महिने केली, त्यामुळे प्रत्यक्षात मुदत तीन महिन्यांचीच. नुसतं कलम उतरवणाऱ्याकडून ‘सहा महिने’ छापून जातं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना विचारून निवाडे गोळा करण्याबद्दल माझं मत ठाम आहे: निवाडा उघडून वाचल्याशिवाय त्याचं नाव लेखात येता कामा नये. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला. आदेशात ज्यांचा आधार घेतला होता असे काही निवाडे अस्तित्वातच नव्हते.

लिहिण्याच्या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ मुदतीच्या भागाला द्यावा लागला, कारण तिथे नियम सांगून भागत नाही, तारखा मांडाव्या लागतात. लेखातलं उदाहरण असं घेतलं. चेक न वटल्याची माहिती बँकेकडून 10 जानेवारी 2025 ला मिळाली. तो दिवस सोडायचा. नोटीस पाठवण्यासाठीचे 30 दिवस 9 फेब्रुवारीला पुरे होतात. चेक न वटल्याच्या बँकेच्या मेमोवर छापलेल्या तारखेवरून मोजू नये, माहिती मिळाली त्या तारखेवरून मोजावं, म्हणून मेमो हातात कधी आला याचा पुरावा जपून ठेवावा. नोटीस या 30 दिवसांत पाठवली गेली पाहिजे, ती समोरच्याला पोचण्याचा दिवस वेगळा. समजा ती 5 फेब्रुवारीला पोचली. पैसे देण्यासाठीचे 15 दिवस 20 फेब्रुवारीला संपतात आणि फिर्यादीचं कारण, म्हणजे फिर्याद करण्याचा हक्क, 21 फेब्रुवारीला घडतं. त्याआधी दाखल केलेली फिर्याद टिकत नाही, हे योगेंद्र प्रताप सिंग विरुद्ध सावित्री पांडे या 2014 च्या निवाड्याने ठरलेलं आहे.

आता खरी मेख. फिर्यादीसाठी कायद्याने ‘एक महिना’ दिला आहे, 30 दिवस दिलेले नाहीत. साकेत इंडिया (1999) आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा तीन न्यायमूर्तींचा इकॉन अंत्री (2013) या निवाड्यांप्रमाणे कारण घडल्याचा दिवस सोडून महिना मोजायचा. म्हणजे शेवटची तारीख 21 मार्च. ‘एक महिना’ आणि ‘30 दिवस’ एकच धरणारा 23 मार्चपर्यंत निर्धास्त राहतो. 2025 मध्ये 23 मार्चला रविवार होता, म्हणजे तो सोमवारी, 24 तारखेला, न्यायालयात पोचला असता. कलम 142(1)(बी) च्या परंतुकाखाली पुरेसं कारण दाखवून हा उशीर माफ होऊ शकतो. नोटिशीच्या 30 दिवसांना मात्र अशी सवलत नाही. हा फरक लेखात स्वतंत्र वाक्यात यायला हवा, कंसात नको. फेब्रुवारीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. 31 दिवसांच्या महिन्यात नेमका उलटा फरक पडतो आणि वाचकाला धोका दिसत नाही.

उदाहरणातल्या तारखा कॅलेंडर उघडून, बोटाने मोजून तपासाव्यात, मग दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे मोजायला सांगाव्यात. दोघांचं उत्तर एक आलं की मगच पुढे जावं.

नोटीस पाठवण्याबद्दलचं एक वाक्य सवयीने ‘रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह’ असं लिहिलं जातं. कलम 138 ला फक्त लेखी नोटीस लागते, टपालाचा प्रकार कायद्यात सांगितलेला नाही. शिवाय टपाल खात्याने 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. त्यामुळे वाक्य ‘पोचल्याची नोंद मिळेल अशा टपालसेवेने’ असं केलं. त्याला जोडून एक व्यवहारातली सूचना दिली: टपालाच्या संकेतस्थळावरची पोच-नोंद काही काळाने दिसेनाशी होते, म्हणून ती लगेच छापून ठेवावी. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ म्हणून परत आली तर काय, याचं उत्तर सी. सी. अलवी हाजी (2007) या निवाड्यात आहे. त्यासाठी दोन ओळी पुरल्या.

मसुदा झाल्यावर तो दोघांना वाचायला द्यावा. एक त्या विषयातला जाणकार ज्येष्ठ, दुसरा लेख ज्याच्यासाठी आहे तसा कनिष्ठ. ज्येष्ठ निवाडे तपासतात. कनिष्ठ असे प्रश्न विचारतो जे लेखकाला सुचलेलेच नसतात: 9 फेब्रुवारीला रविवार आहे, मग टपाल कधी टाकायचं? (शनिवारी. शेवटच्या दिवसावर कधीच ठेवायचं नाही.) अशा एकेका प्रश्नाने लेखात एकेक ओळ वाढते आणि दुसरीकडची शोभेची ओळ जाते. प्रस्तावनेतला कायद्याचा 1881 पासूनचा इतिहास असाच गेला. वाचकाला तो नको होता.

काय लिहायचं नाही हेही याच टप्प्यावर तपासलं. स्वतःच्या पक्षकाराची हकिगत, नावं बदलूनही, लहान गावात ओळखू येते. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 वकिलाला पक्षकाराने सांगितलेलं उघड करू देत नाही. म्हणून उदाहरण पूर्ण काल्पनिक तारखांचं ठेवलं. लेखकाच्या परिचयाबद्दल बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 आहे. जाहिरात किंवा काम मागण्याचा कोणताही प्रकार त्यात बसत नाही. नाव, शिक्षण, कुठे वकिली करतो, एवढं पुरे. ‘138 च्या प्रकरणांतील तज्ज्ञ’ असं बिरुद लावू नये, संपादकांनी आपणहून लावलं तर प्रूफात काढायला सांगावं. फोन नंबर देण्याचंही टाळावं.

पाठवताना तीन गोष्टी एकाच ईमेलमध्ये जोडल्या: वर्ड फाइल, त्याच मजकुराची पीडीएफ आणि सहीचं एक पानी निवेदन. निवेदनात लेख स्वतःचा आहे, इतरत्र प्रसिद्ध झालेला किंवा पाठवलेला नाही, आणि कायदा अमुक तारखेपर्यंतचा आहे, असं लिहायचं. पीडीएफ जोडणं निरर्थक वाटतं, पण पुढे छापखान्यात अक्षरं बिघडली की मूळ कसं होतं ते तीच दाखवते. फाइलच्या नावात विषय, आडनाव आणि तारीख असावी. ‘लेख अंतिम’ अशा नावाच्या फाइली संपादकाकडे आधीच ढिगाने असतात. तळटीपा वर्डच्या तळटीप-सोयीने घालू नयेत, कारण पान-जुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवताना त्या बऱ्याचदा गळून पडतात. साधे आकडे देऊन टीपा लेखाच्या शेवटी टाइप केलेल्या बऱ्या.

15 सप्टेंबरला लेख गेला. पोच मागावीच, दोन-तीन दिवसांत आली नाही तर फोन करावा. लेख ईमेलच्या जंकमध्ये पडून राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. त्यानंतर वाट पाहण्याचा काळ सुरू होतो आणि कायदेविषयक लेखनात हाच काळ सर्वांत अस्वस्थ करणारा असतो, कारण न्यायालयं तुमच्या अंकासाठी थांबत नाहीत.

तसंच झालं. 19 सप्टेंबरला कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा आला. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागणी दोन कोटींची. टंकनाची चूक झाली, हा खुलासा न्यायालयाने मानला नाही. नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेइतकीच हवी, नाहीतर नोटीसच अवैध. लेखातलं ‘रक्कम शक्यतो तंतोतंत लिहावी’ हे वाक्य आता धोकादायक झालं होतं. ‘शक्यतो’ काढणं भाग होतं. व्याज, नोटिशीचा खर्च वगैरे मागायचं असेल तर चेकच्या रकमेपासून वेगळं, आकडा स्पष्ट दाखवून मागावं, ही ओळ वाढवली.

मग 25 सप्टेंबरला संजबीज तारी विरुद्ध किशोर बोरकर, 2025 आयएनएससी 1158, हा गोव्यातून गेलेल्या प्रकरणाचा निवाडा आला आणि लेखाचा तिसरा भाग पूर्ण बदलला. तोपर्यंत तडजोडीचा खर्च दामोदर प्रभू विरुद्ध सय्यद बाबालाल (2010) प्रमाणे सांगितला जायचा. पहिल्या किंवा दुसऱ्या तारखेला तडजोड केली तर खर्च नाही, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांपुढे चेकच्या रकमेच्या 10 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात 15, सर्वोच्च न्यायालयात 20. नव्या निवाड्याने बचावाचा पुरावा नोंदवण्याआधी काहीच खर्च नाही, त्यानंतर पण निकालाआधी 5 टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात 7.5 आणि सर्वोच्च न्यायालयात 10 टक्के असं ठरवलं. शिवाय फिर्यादीच्या सुरुवातीला ठरावीक नमुन्यातला सारांश जोडावा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 खाली दखल घेण्याआधी आरोपीला समन्स काढण्याची या फिर्यादींत गरज नाही, हेही त्यातच आहे. नव्या वकिलांना रोज लागणारे हे मुद्दे. त्यांना जागा देण्यासाठी अपिलातल्या रकमेवरचा परिच्छेद काढला. तो मूळ टिपणात नव्हताच.

अशा वेळी संपादकांना पूर्ण नवी फाइल पाठवून ‘जुनी रद्द समजा’ एवढंच म्हणू नये. त्यांनी जुन्या प्रतीवर हात फिरवायला सुरुवात केलेली असू शकते. बदललेले परिच्छेद लाल रंगात, जुना मजकूर खोडलेला दिसेल असा, आणि बदलाचं कारण एका ओळीत, असं पाठवावं. लेखाच्या वर ‘कायदा 30 सप्टेंबर 2025 पर्यंतचा’ अशी ओळ घालण्याची विनंतीही त्याच ईमेलमध्ये केली आणि ती मान्य झाली. ही ओळ प्रत्येक कायदेविषयक लेखावर असलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दोन वर्षांनी तो अंक ग्रंथालयात उघडणाऱ्याला कुठून पुढे शोधायचं ते तिच्यावरून कळतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर संपादित प्रत आली. जाहिरात वाढल्यामुळे सुमारे 200 शब्द कमी करायचे होते. कात्री लावताना निवाड्यांच्या वस्तुस्थितीला लावावी. तारखांच्या उदाहरणाला आणि अपवादांना हात लावू नये. संपादकांनी ‘फिर्याद’च्या जागी काही ठिकाणी ‘तक्रार’ केलं होतं. दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच शब्द हवा. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश अशा वेळी वाद मिटवतो.

नोव्हेंबरच्या शेवटी प्रूफ आलं, उत्तर दोन दिवसांत हवं होतं. युनिकोड मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना रफार सरकतात, ‘ॲ’ बिघडतो आणि कधीकधी आकडेही. म्हणून प्रूफ दोनदा वाचावं. पहिल्या वाचनात फक्त आकडे: कलमं, वर्षं, तारखा, टक्के, परिच्छेद क्रमांक. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावं. ‘7.5’ मधला टिंब उडाला होता. 75 टक्के खर्च छापला गेला असता. दुसऱ्या वाचनात भाषा. या टप्प्यावर वाक्य सुंदर करायचा मोह टाळावा, प्रत्येक नव्या दुरुस्तीबरोबर नवी चूक शिरायची शक्यता असते.

हक्कांचं पत्र अंक छापायला जाण्याआधी सहीला येतं. ते वाचूनच सही करावी. कॉपीराइट अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतात. वार्तापत्राला एकदा छापण्याची आणि संघाच्या संकेतस्थळावर ठेवण्याची परवानगी पुरते; सगळे हक्क कायमचे देण्याची गरज नसते. एक ओळ हाताने खोडून तसं लिहिलं तर बहुतेक संपादक हरकत घेत नाहीत. सही केलेल्या पत्राची छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी.

अंक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. बरं वाटलं, पण आधी आकडेच पुन्हा तपासले. छापल्यावर चूक सापडली तर संपादकांना त्याच दिवशी लेखी कळवून पुढच्या अंकात शुद्धिपत्र मागावं आणि संकेतस्थळावरची प्रत लगेच बदलून घ्यावी, शुद्धिपत्राची वाट पाहू नये. लेखाची वर्ड फाइल, वाचलेले निवाडे आणि ‘नंतर काय बदललं’ असं एक कोरं पान एकाच फोल्डरमध्ये ठेवलं आहे. 138 वर नवा निवाडा आला की त्या पानावर तारीख, नाव आणि लेखातलं कोणतं वाक्य आता बदलेल ते लिहून ठेवतो. मार्च अंकासाठी लेख पाठवण्याची शेवटची तारीख 15 डिसेंबर होती, म्हणजे हा अंक हातात पडल्यावर जेमतेम काही दिवस. पुढच्या लेखाचं टिपण आधीचा लेख छापखान्यात असतानाच तयार ठेवलेलं बरं.